झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवायचंय: पैसे साठेपर्यंत गाडीत काय करावं, काय करू नये

जालन्याहून रोज शेंद्र्याच्या कंपनीत जाणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. “काका, मामाची २००३ ची झेन एलएक्सआय माझ्याकडे आली आहे. एसी लावला की पिकअप मरतो. एस्टीमचं १३०० चं इंजिन बसवायचं ठरवलंय. महिन्याला ५,००० रुपये बाजूला पडतात, म्हणजे दीड वर्ष लागेल. तोवर छोटी-छोटी कामं करत राहतो: फ्री-फ्लो सायलेन्सर, कोन फिल्टर, अलॉय, एलईडी हेडलाइट. कोणतं आधी करू?”

या चारातलं एकही आधी करू नकोस. पुढचे अठरा महिने कोणतंही काम काढण्याआधी एकच गोष्ट तपासायची: हा खर्च नवं इंजिन आल्यावरही गाडीत राहणार आहे का? राहणार असेल तर खुशाल कर. इंजिन बदलताना ती वस्तू काढून फेकावी लागणार असेल, तर तेवढे पैसे तू इंजिनाच्या पैशातूनच काढलेस. फ्री-फ्लो सायलेन्सर हे त्याचं अगदी सरळ उदाहरण. आज झेनच्या ९९३ सीसीच्या मापाने पाइप वाकवून घेशील, उद्या एस्टीमचं १२९८ सीसी आलं की मॅनिफोल्ड वेगळं, पाइपचा व्यास वेगळा, आणि तेच काम पुन्हा पैसे मोजून करायचं. शिवाय लहान इंजिनाला गरजेपेक्षा मोठा पाइप दिला की खालच्या फेऱ्यांवरचा जोर कमी होतो. म्हणजे ज्या तक्रारीसाठी तू एवढं करतोयस, तीच वाढते. आवाज मोठा झाला म्हणून गाडी जोरात पळते असं वाटतं, पण सिग्नलवरून उचलताना खरं काय ते कळतं.

इंजिनाची निवड चुकीची नाही, हेही सांगतो. झेनचं आणि एस्टीमचं, दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी मालिकेतली. तुझ्या एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, झेनची ताकद ६० हॉर्सपॉवर, सोळा व्हॉल्व्हच्या एस्टीमची ८५. झेनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, फक्त ६१. एस्टीमचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५. बोअरमध्ये फारसा फरक नाही, स्ट्रोक मात्र बराच लांब. चौथ्या गिअरमध्ये ट्रकमागून गाडी काढताना जो दम लागतो, तो त्या लांब स्ट्रोकमधून येतो. एकाच घराण्यातली इंजिनं असल्याने हे काम इतर गाड्यांच्या मानाने सोपं जातं, म्हणूनच आपल्याकडे इतक्या जणांनी ते केलं.

पण सोपं आहे म्हणून ते कायद्यात बसतं असं नाही, आणि तुझ्या बाबतीत हा मुद्दा पैशांच्याही आधी येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जुनं इंजिन निकामी झालं आणि त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवलं, तर आरटीओत कळवून नवा नंबर आरसीवर चढवता येतो. बदल केल्यापासून १४ दिवसांत कळवायचं असतं. ९९३ च्या जागी १२९८ सीसी म्हणजे वेगळा प्रकार.

आता तुझ्या गाडीचा हिशोब मांड. २००३ ची गाडी, पहिली पंधरा वर्षं २०१८ ला संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग: एकदा २०२३ ला झालं, पुढचं २०२८ ला. त्या दिवशी इन्स्पेक्टर बॉनेट उघडून इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघणार. दीड वर्ष पैसे साठवून बसवलेलं इंजिन तिथे पकडलं गेलं, तर गाडी घरीच उभी राहील. त्याआधी अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर तोच नंबर बघेल, आणि न कळवलेला बदल दिसला की क्लेम अडकतो. म्हणून पहिला पैसा खर्च करायच्या आधी एक सुटी काढ, जालन्याच्या आरटीओत (एमएच-२१) जा, आणि बदलाची परवानगी मिळते का ते लेखी अर्ज देऊन विचार. एजंटच्या तोंडी “होऊन जाईल” वर विश्वास ठेवू नकोस. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही लेखी संमती लागते.

परवानगी नाही मिळाली तर काय? तर त्याच पैशात आपलंच इंजिन पूर्ण बांधून घे. माझा कल आधीपासून इकडेच आहे. वीस वर्षं वापरलेलं ९९३ सीसीचं इंजिन आज खरोखर ६० हॉर्सपॉवर देतंय का, हे तू मोजलेलंच नाहीस. खूप मुलं मोठं इंजिन मागतात, तेव्हा त्यांना खरं तर कंपनीतून आलेलं इंजिन परत हवं असतं. बोअरिंग, नवीन पिस्टन-रिंगा, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह सीट कापून घेणं, बेअरिंग, तेल पंप, टायमिंग बेल्ट, सगळी सील. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे चांगले टर्नर आणि मशिनिस्ट आहेत. मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस दोन गल्ल्यांवर सापडतो, त्याचा फायदा घे. आणि नंबर तोच राहतो, त्यामुळे २०२८ ची चिंता नाही.

दोन्ही वाटांना पहिलं काम तेच: आहे त्या इंजिनाची तब्येत कळली पाहिजे. कॉम्प्रेशन टेस्ट करून घे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजून घे. इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. चारही सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहून घे. चारही चांगले आणि एकमेकांजवळ असतील तर इंजिन ठीक आहे. एखादा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंगा गेल्या, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. एवढ्या तपासणीला फार पैसे लागत नाहीत, आणि पुढचा सगळा निर्णय याच चार आकड्यांवर उभा आहे.

एसी लावल्यावर पिकअप मरण्याची कारणं बहुतेक वेळा इंजिनाबाहेर सापडतात. पुढचा कंडेन्सर धुळीने आणि किड्यांनी बुजला, किंवा त्याचा पंखा मंद झाला, की गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जड होतो आणि तो सगळा भार इंजिनावर येतो. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की हे दुपटीने जाणवतं. कंडेन्सर आतून-बाहेरून धुऊन घे, पंखा आणि त्याचा रिले तपास, थ्रॉटल बॉडी साफ कर, क्लच घसरतो का बघ. यात अर्धी तक्रार गेली तर नवल वाटून घेऊ नकोस.

थंडाव्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठवाड्यातली बरीच इंजिनं इथेच मरतात. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की वर्षभर ते रेडिएटरमध्ये टाकलं तर नळ्या आतून पांढऱ्या होतात. उष्णता बाहेर जात नाही, काटा चढतो, मग कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकतो आणि म्हणतो, आता गाडी तापत नाही. खरं आहे, तापत नाही. पण एमपीएफआय गाडीचं कंट्रोल युनिट पाण्याचं तापमान बघून पेट्रोल मोजतं. इंजिन कायम थंड दिसलं की ते जास्त पेट्रोल सोडत राहतं. ॲव्हरेज पडतो, प्लग काळे होतात, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात. आधी बघ, तुझ्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का. नसेल तर नवा बसव. रेडिएटर उघडून साफ कर किंवा नवा घे, झाकण बदल, होस पाइप बदल, आणि कूलंट फक्त डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भर. जारचं पिण्याचं पाणीही नको. एस्टीमचं इंजिन आणायचं पक्कं असेल, तर त्या इंजिनाला पुरेल असाच रेडिएटर आत्ता घे. अशा वस्तूला मी कामाचा बदल म्हणतो, कारण ती आजही उपयोगी आणि उद्याही.

ब्रेकला दुसरा नंबर. ताकद वाढवायच्या आधी थांबण्याची सोय. पुढच्या डिस्कची जाडी मोजून घे, मागचे ड्रम उघडून सिलिंडर गळतात का बघ. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. दोन वर्षांहून जुनं असेल तर घाट उतरताना ते उकळायला लागतं आणि पेडल खाली बसतं. कन्नडच्या घाटात किंवा मांजरसुंब्याला तो अनुभव कोणालाही येऊ नये. ऑइल बदलायला फारसे पैसे लागत नाहीत. १३०० चं इंजिन बसवणार असशील तर मिस्त्रीला आजच विचार की एस्टीमचे पुढचे ब्रेक या गाडीत बसतील का, म्हणजे झेनचेच नवे डिस्क घेऊन पैसे अडकवणार नाहीस.

टायर. तू रोज जाण्यासाठी समृद्धी वापरतोस की जुना जालना रोड, हे लिहिलेलं नाहीस. समृद्धीवर मोटारीला १२० ची मर्यादा आहे, आणि सरळ सिमेंटच्या रस्त्यावर तासभर तोच वेग राहिला की जुना टायर तापतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ०८१८ म्हणजे २०१८ चा आठवा आठवडा. असा टायर कितीही नक्षीदार दिसला तरी बदल. माप बदलायचं तर बाहेरचा व्यास मूळ टायरच्या जवळ ठेव. १४५/७० आर १३ च्या जागी १५५/६५ आर १३ घेतला तर व्यासात जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक पडतो, स्पीडोमीटर बरोबर राहतो आणि पकड वाढते. अलॉयला माझा विरोध नाही, पण स्वस्त अलॉय आपल्या खड्ड्यांत वाकत नाही, तडकतो. चांगला परवडत नसेल तोवर लोखंडी रिम सरळ करून, रंगवून वापर. रिम फेंडरच्या बाहेर आला तर पासिंगलाही अडचण.

कोन फिल्टरबद्दल स्पष्ट सांगतो: आपल्या भागात नकोच. सोयाबीनची मळणी चालू असते तेव्हा हवेत किती बारीक धूळ असते हे तुला सांगायला नको. उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणजे त्यात ऑक्सिजन कमी आणि ताकदही कमी. त्यातून निसटलेली धूळ थेट रिंगांवर जाते. मूळ डबा, कंपनीचा कागदी फिल्टर, डब्याचं रबर सील शाबूत, आणि फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर बदलायचा. एवढं पुरे.

हेडलाइटला एलईडी बल्ब घालू नकोस. झेनचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेसाठी बनवलाय. त्यात एलईडी घातला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. त्यापेक्षा दोन रिले टाकून बॅटरीतून जाड वायरने थेट पुरवठा दे, बल्ब तेच ५५/६० वॉटचे ठेव. वीस वर्षांच्या वायरिंगमध्ये बल्बपर्यंत पोहोचेतो व्होल्टेज पडलेलं असतं. ते परत मिळालं की फरक पहिल्याच रात्री दिसतो. अर्थिंगच्या वायरी घासून घट्ट करणं हेही याच कामात उरकून घे. काळी फिल्म आणि पुढचा लोखंडी गार्ड यांच्याकडे तर बघूच नकोस, दोन्ही बेकायदा.

एक काम तुझ्या यादीत नाही, पण करावंच लागेल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुझी गाडी बनली तेव्हाचे रबर पाइप आणि ओ-रिंग त्यासाठी नव्हते. ते हळूहळू फुगतात, चिरतात. टाकीपासून इंजिनापर्यंतचे इंधनाचे सगळे रबर पाइप इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे टाकून घे. गळका पेट्रोल पाइप आणि तापलेलं मॅनिफोल्ड एकाच बॉनेटखाली असू नये. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअपही यथावकाश.

आता पैसे. महिन्याच्या ५,००० मधले ४,००० इंजिनाचे आणि १,००० वर सांगितलेल्या कामांचे, असं वेगळं कर. अठरा महिन्यांत इंजिनाच्या खात्यात ७२,००० होतील, कामांना १८,००० मिळतील. सुरुवातीला रेडिएटर आणि ब्रेक एकदम करायचे असतील तर पहिले तीन-चार महिने हे प्रमाण उलटं ठेवलं तरी चालेल, पण नंतर दिवाळीचा बोनस आणि ओव्हरटाइम इंजिनाच्या खात्यात गेला पाहिजे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाणारी आरडी काढ, बँकेत किंवा पोस्टात. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, त्यामुळे दीड वर्षासाठी बँकेचीच बरी. आणि हे पैसे जास्त व्याजाच्या आशेने पतसंस्थेत किंवा मल्टिस्टेटमध्ये ठेवू नकोस. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात किती घरांचे पैसे तिथे अडकले हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, या संस्थांना तो लागू नाही. भिशीबद्दल एवढंच की, ती ओळखीच्या माणसांची आणि कंपनीतल्या कंपनीत असेल तर ठीक, पण लिलावाची बोली लावून पैसे उचलू नकोस. इंजिनासाठी पर्सनल लोन तर अजिबात नको. वीस वर्षांच्या गाडीवर काढलेलं कर्ज गाडी विकूनही फिटत नाही.

याच हिशोबात २०२८ ची रक्कम वेगळी धर. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली, आणि त्यावर पर्यावरण कर. हे पैसे इंजिनात घातलेस तर पासिंगच्या महिन्यात उसने मागावे लागतील.

परवानगी मिळाली आणि एस्टीमचंच इंजिन घ्यायचं झालं, तर सुटं इंजिन घेऊ नकोस. अख्खी गाडी शोध, चालती, जिची रीतसर कागदपत्रं आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, कंट्रोल युनिट, न कापलेली वायरिंग, सेन्सर, ड्राइव्ह शाफ्ट, रेडिएटर, ब्रेक, सगळं एका ठिकाणी मिळतं, आणि मुख्य म्हणजे इंजिन सुरू असताना ऐकता येतं. कुर्ल्याच्या भंगारातून स्वस्त इंजिन मिळेल, पण तिथे ते जमिनीवर पडलेलं असतं आणि वायरिंग कटरने कापलेली. मग एकेक सेन्सर शोधण्यात महिने जातात. शेवटच्या वर्षांच्या गाडीत इमोबिलायझर असेल तर चावी आणि कंट्रोल युनिट जोडीनेच घे, नाहीतर इंजिन सुरूच होणार नाही. ब्लॉकवरचा नंबर स्वच्छ, न खरवडलेला असावा आणि विकणाऱ्याकडून सहीचं बिल घ्यावं. नंबरवर ग्राइंडर फिरलेला दिसला तर किंमत न विचारता निघ. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस स्टेशनच्या फेऱ्या तुझ्या नशिबी.

माझ्या अंदाजात इंजिनाच्या किमतीएवढाच खर्च बाकीच्या गोष्टींवर जातो: माउंटिंग, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सील, होस, तेल, मजुरी. त्यामुळे ७२,००० जमले म्हणून ७२,००० चं इंजिन घ्यायचं नाही. निम्म्यावर थांबायचं. बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकची सील इंजिन बाहेर असतानाच बदल. नंतर त्याच कामाला दुप्पट मजुरी लागते.

आपलंच इंजिन बांधलंस तर पहिले हजार किलोमीटर एका वेगाने चालवायचं नाही. कधी ५०, कधी ७०, गिअर बदलत, दम न देता. पहिलं तेल आणि फिल्टर ५०० किलोमीटरवरच बदल. काढलेल्या तेलात चुंबक फिरवून बघ, बारीक चकाकी दिसेल ती ठीक, पण कण हाताला लागले तर गाडी तिथेच थांबवून मिस्त्रीला बोलाव. हजार झाल्यावर कॉम्प्रेशन पुन्हा मोज आणि आजच्या चार आकड्यांशेजारी लिही. तोवर शेंद्र्याला जुन्या जालना रोडने जा, समृद्धीवर चढू नकोस.